विश्लेषण : ५० वर्षांपूर्वीचे स्पीकर आजही वाजतात, मग १० वर्षांपूर्वीचे ‘स्मार्ट’ स्पीकर का थकतात?

वडिलांनी किंवा आजोबांनी १९७०-८०च्या दशकात हौसेने घेतलेली लाकडी स्पीकरची जोडी माळ्यावरून खाली काढायची, धूळ झटकायची, ॲम्प्लिफायर जोडायचा आणि मोबाइलवरचे गाणे त्यावर ऐकायचे, हा छंद पुन्हा रुजतो आहे. त्याच वेळी दहा-बारा वर्षांपूर्वी चांगले पैसे मोजून घेतलेले वायफाय स्पीकर मात्र कंपनीच्या एका घोषणेने अर्धे मुके होत आहेत. असे का घडते, जुन्या स्पीकरचा आवाज खरेच चांगला असतो का, ते घेताना काय पाहावे आणि या सगळ्याचा ग्राहकाच्या हक्कांशी काय संबंध, याचा आढावा.

नेमके काय घडले?

बोस या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या ‘साउंडटच’ मालिकेतील स्पीकरची क्लाउड सेवा १८ फेब्रुवारी २०२६ पासून बंद करण्याचे जाहीर केले. ही मालिका २०१३ मध्ये बाजारात आली होती. सेवा बंद झाल्यावर ब्लूटूथ किंवा तारेने जोडून हे स्पीकर वाजणार होते. पण ज्या सोयींसाठी ते घेतले, त्यातल्या बऱ्याच जाणार होत्या. उदाहरणार्थ, एका बटणावर इंटरनेट रेडिओ लागणे किंवा कंपनीच्या ॲपवरून घरभर एकच गाणे वाजवणे. ग्राहक संतापले. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने मुदत ६ मे २०२६ पर्यंत वाढवली आणि इतरांना या स्पीकरसाठी स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिता यावे म्हणून तांत्रिक माहितीही खुली केली.

हा पहिला प्रसंग नव्हे. सोनोस या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये काही जुन्या उपकरणांना मे महिन्यापासून नवे सॉफ्टवेअर मिळणार नसल्याचे सांगितले, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांना ग्राहकांची माफी मागावी लागली होती. त्याच कंपनीच्या एका योजनेत नव्या खरेदीवर सवलत हवी असेल, तर जुना स्पीकर कायमचा निकामी करणारी कळ दाबावी लागे. टीकेनंतर ती अट मागे घेण्यात आली. पुढे मे २०२४ मध्ये सोनोसने नवे ॲप आणले आणि नेहमीच्या अनेक सोयी त्यातून गायब झाल्या. हे प्रकरण इतके वाढले, की जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले.

या तिन्ही प्रसंगांत स्पीकरच्या लाकडाला, चुंबकाला किंवा पडद्याला काही झाले नव्हते. आवाज काढणारे सारे भाग धडधाकट होते. गंमत म्हणजे याच बोस कंपनीचे १९६८ मध्ये आलेले ‘९०१’ हे स्पीकर जगभरात अनेक घरांत आजही दुरुस्त करून वाजवले जातात.

जुना स्पीकर टिकतो कशामुळे?

जुन्या हाय-फाय स्पीकरची रचना अगदी साधी आहे. चुंबकाच्या फटीत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युत संकेत त्यातून गेला की कॉइल पुढे-मागे हलते. तिला चिकटवलेला कागदी किंवा प्लास्टिकचा कोन हवेला ढकलतो आणि आवाज होतो. खर्जासाठी मोठा वूफर, वरच्या पट्टीसाठी छोटा ट्वीटर आणि या दोघांत संकेताची वाटणी करणारे क्रॉसओव्हर नावाचे छोटे सर्किट असते. त्यात कपॅसिटर, कॉइल आणि रेझिस्टर यांपलीकडे सहसा काही नसते.

अशा स्पीकरला विजेचा प्लग नसतो, चिप नसते, पासवर्डही नसतो. मागच्या बाजूला दोन टोके असतात, एक लाल आणि एक काळे. १९६५ मध्येही ॲम्प्लिफायर याच दोन टोकांना जोडला जाई आणि आजही तिथेच जोडला जातो. ही जोडणी कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. त्यामुळे स्पीकर बनवणारा कारखाना बंद पडला, विकला गेला किंवा परदेशी गेला, तरी घरातला स्पीकर वाजत राहतो.

स्मार्ट स्पीकरमध्ये मात्र आवाज काढणारा भाग, त्याला शक्ती देणारा ॲम्प्लिफायर, इंटरनेटशी बोलणारी चिप आणि दूरच्या सर्व्हरवरची सेवा एकाच दोरीत ओवलेली असते. यातल्या कोन आणि चुंबकाचे आयुष्य ४०-५० वर्षांचे असू शकते, सॉफ्टवेअरचे बहुधा १०-१२ वर्षांचे. दोघांची मोट बांधली, की सर्वांत कमी आयुष्य असलेला भाग साऱ्या वस्तूचे आयुष्य ठरवतो. बॅटरीवरच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये तर बॅटरी त्याहून आधी थकते आणि ती बदलता येईल अशी सोय अनेकदा नसते.

मग जुन्या स्पीकरमध्ये काही बिघडत नाही का?

बिघडते. कोनाच्या कडेला असलेली लवचीक रिंग हा सर्वांत नाजूक भाग. १९७०च्या दशकापासून अनेक कंपन्यांनी ती पॉलियुरेथेन फोमची बनवली. हा फोम हवेतली आर्द्रता आणि ऑक्सिजन यांमुळे हळूहळू कुजतो. साधारण १५ ते २५ वर्षांत तो ठिसूळ होतो आणि बोट लावताच त्याचा भुगा होतो. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत ही प्रक्रिया आणखी वेगाने होते. माळ्यावरून काढलेला स्पीकर फरफरला, की तो फुकट गेला असे समजून भंगारात दिला जातो. बहुतेक वेळा मात्र फोमची रिंगच गेलेली असते. नवी रिंग चिकटवली की स्पीकर पूर्ववत होतो. रबराच्या किंवा कापडी कडा असलेले स्पीकर त्या मानाने फार टिकतात.

दुसरा भाग कपॅसिटर. क्रॉसओव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे मूल्य वर्षानुवर्षे सरकत जाते. त्यामुळे ट्वीटर मंद किंवा कर्कश वाटू लागतो. हे भाग स्वस्त असतात आणि साध्या सोल्डरिंगने बदलता येतात. काही ट्वीटरमध्ये कॉइल थंड ठेवण्यासाठी घातलेले चुंबकीय तेल वाळून घट्ट होते, तेही साफ करून बदलता येते. कॉइल जळाली असेल, तर ती नव्याने भरणारे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत. भुशाच्या पाट्यांचा खोका ओल लागून फुगला, तर मात्र तो सावरणे कठीण.

थोडक्यात, जुना स्पीकर अमर नाही. पण त्याचे आजार ओळखीचे आहेत आणि त्यावरचा उपाय गल्लीतल्या कारागिराच्या हातात आहे. बंद झालेल्या सर्व्हरवर असा उपाय कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आवाज खरेच चांगला असतो, की निव्वळ स्मरणरंजन?

दोन्ही थोडे थोडे. ‘जुने ते सोने’ हे इथे सरसकट लागू होत नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षे पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. ब्रँड, किंमत आणि आकार दिसत नसेल, तर बहुतेकांना सर्व स्वर समतोल देणारा, बाजूंनाही तसाच आवाज पसरवणारा स्पीकर आवडतो, असे त्यातून दिसले. या कसोटीवर आजचे अनेक मध्यम किमतीचे स्पीकर जुन्या नामांकितांपेक्षा सरस ठरतात, कारण मोजमापाची साधने आणि संगणकावरचे आराखडे आता स्वस्त झाले आहेत.

तरीही जुन्या मोठ्या स्पीकरचा आवाज मोकळा वाटतो, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. अमेरिकेच्या केएलएच कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक जे. अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा : छोटा खोका, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच मिळतात. तिसरी सोडावी लागते. पूर्वी ॲम्प्लिफायरची ताकद महाग होती, म्हणून खोके मोठे असत. अमेरिकेत १९४६ पासून बनणारा क्लिपशहॉर्न हा कोपऱ्यात ठेवायचा अवाढव्य स्पीकर एका वॅटमध्ये सुमारे १०५ डेसिबल आवाज देतो, असे कंपनी सांगते. ब्रिटिश एलएस३/५ए हा चपलेच्या खोक्याएवढा स्पीकर तेवढ्याच वॅटमध्ये ८२-८३ डेसिबल देतो. आवाज तीन डेसिबलने वाढवायला दुप्पट शक्ती लागते. त्यामुळे या दोघांतला फरक शंभरपटीहून अधिक होतो.

आजच्या छोट्या स्मार्ट स्पीकरने छोटा खोका आणि खोल खर्ज या दोन गोष्टी निवडल्या आहेत. त्याची किंमत तो जास्त वॅट खर्चून आणि सॉफ्टवेअरने खर्ज फुगवून चुकवतो. म्हणूनच त्याला आत चिप लागते आणि ती काढून टाकली तर तो नीट वाजणारच नाही. मोठ्या लाकडी खोक्याला ही गरज नाही. त्याने जागा जास्त घेतली, पण परावलंबन टाळले.

स्मरणाचा भागही नाकारता येत नाही. ज्या स्पीकरवर लहानपणी भावगीते, नाट्यगीते, आशा-लताची गाणी ऐकली, त्याचा आवाज कानात घर करून बसतो. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणात अतिखालचा खर्ज आणि अगदी वरचे स्वर मुळातच कमी होते. गाण्याचा जीव मधल्या पट्टीत, म्हणजे गळा, सारंगी, व्हायोलिन, हार्मोनियम यांत होता. ज्या जुन्या स्पीकरची मधली पट्टी स्वच्छ आहे, त्यावर ही गाणी जवळची वाटतात, यात भाबडेपणा नाही.

जुन्यांपैकी कोणते स्पीकर नावाजले गेले?

यादी मोठी आहे. तीन उदाहरणे पुरेशी. पहिले एलएस३/५ए. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केला. गाडीत जागा अपुरी आणि हेडफोनवर सगळे कळत नाही, ही अडचण होती. निवेदकाचा आवाज माणसासारखा वाटतो का, ही कसोटी त्याच्या रचनेत महत्त्वाची होती. पुढे रॉजर्ससह अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो घरांसाठी बनवला. त्याच्या वूफरची कडा कृत्रिम रबराची असल्याने अनेक जोड्या आजही मूळ रूपात वाजतात. खर्ज मात्र बेताचा आणि फार मोठा आवाज त्याला झेपत नाही.

दुसरा, जपानच्या यामाहाचा एनएस-१०. तो १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आला, पण समीक्षकांना रुचला नाही. नंतर जगभरच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंनी त्याला उचलून धरले. कारण हा स्पीकर चुका झाकत नाही, त्यावर चांगले वाजलेले गाणे सगळीकडे चांगले वाजते, असा अनुभव होता. त्याच्या पांढऱ्या कोनासाठी लागणारा लगदा मिळेनासा झाल्याने २००१ मध्ये उत्पादन थांबले. म्हणजे प्रसिद्ध स्पीकर घरच्या ऐकण्यासाठी उत्तम असतोच असे नाही.

तिसरा, ब्रिटनच्या क्वाड कंपनीचा १९५७चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर. यात कोन नसून अतिशय पातळ पडदा हलतो. त्याच्या मधल्या पट्टीची स्तुती आजही होते. मात्र याला विजेचा प्लग लागतो आणि आत हजारो व्होल्टचा दाब असतो. माहीतगाराशिवाय तो उघडणे जिवावर बेतू शकते.

या स्पीकरना पुन्हा मागणी का?

एक कारण तबकड्यांचे पुनरागमन. अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योग संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये तिथे १९८७ नंतर प्रथमच सीडीपेक्षा विनाइल तबकड्या जास्त विकल्या गेल्या. २०२४ मध्ये हा आकडा ४ कोटी ४० लाख तबकड्या विरुद्ध ३ कोटी ३० लाख सीडी असा होता. टर्नटेबल घरात आला, की ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ओघाने येतात.

दुसरे कारण, कंपन्यांनीच जुन्या रूपाला पुन्हा उजाळा दिला. जेबीएलने १९७०च्या गाजलेल्या एल१०० या स्पीकरची नवी आवृत्ती २०१८ मध्ये आणली. व्हार्फडेलने लिंटन आणि केएलएचने मॉडेल फाइव्ह ही जुनी नावे परत आणली. नव्याची किंमत पाहिल्यावर मूळ जुनी जोडी शोधण्याचा मोह अनेकांना होतो.

तिसरे कारण बाजाराच्या एकवटण्यात आहे. जेबीएल, इन्फिनिटी, हार्मन कार्डन हे ब्रँड असलेली हार्मन कंपनी सॅमसंगने २०१७ मध्ये सुमारे ८ अब्ज डॉलरना घेतली. याच हार्मनने बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ, पोल्क हे ब्रँडही ३५ कोटी डॉलरना घेण्याचे मे २०२५ मध्ये जाहीर केले. बोसने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅकिन्टॉश आणि सोनस फाबर हे ब्रँड असलेला समूह विकत घेतला. क्लिपशची मालक कंपनी एप्रिल २०२५ मध्ये मोटारींचे भाग बनवणाऱ्या जेंटेक्सकडे गेली. हस्तांतर झाले म्हणजे दर्जा घसरतोच असे नाही. पण मालक बदलला की जुन्या ॲपचे आणि सर्व्हरचे काय होणार, हा प्रश्न ग्राहकापुढे उभा राहतो. प्लगच नसलेल्या स्पीकरबाबत तो पडत नाही.

भारतात हे स्पीकर आले कुठून?

परवाना राजच्या काळात परदेशी हाय-फाय वस्तूंची आयात अवघड आणि महाग होती. त्यामुळे दोन वाटा तयार झाल्या. पहिली देशी उत्पादनाची. कोलकात्यात १९७० मध्ये सुरू झालेली सोनोडाइन, मुंबईत नावाजलेली कॉस्मिक, बंगळुरूची नॉर्ज या कंपन्यांनी स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घराघरांत नेले. फिलिप्स, एचएमव्ही, बुश, मर्फी यांचे रेडिओग्राम आणि रेकॉर्ड प्लेअर होतेच. दुसरी वाट माणसांबरोबर आली. आखाती देशांत नोकरीला गेलेले कोकणातले आणि गोव्यातले लोक, बोटीवर काम करणारे गोव्याचे तारवटी यांनी सुट्टीला येताना जपानी सेट आणले. गणपतीत किंवा नाताळात तो सेट ओटीवर वाजवणे हा अवघ्या वाडीचा कार्यक्रम असे.

१९९१ नंतर बाजार खुला झाला. आधी ‘म्युझिक सिस्टीम’, मग होम थिएटर, मग संगणकाचे स्पीकर, मग साउंडबार असे करत लाकडी खोके माळ्यावर गेले. आज ते मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे आणि ऑनलाइन विक्रीच्या ॲपवर दिसतात. परदेशातून जुने स्पीकर मागवणे मात्र सोपे नाही. परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली यंत्रे वगळता इतर वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध असून त्यासाठी परवाना लागतो. त्यामुळे देशात आहे तो साठाच फिरत राहतो. भंगारात गेलेली प्रत्येक जोडी या साठ्यातून कायमची कमी होते.

विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

पहिले, जाळी काढून कोनाची कडा पाहावी. फोम चिकट, भेगाळलेला किंवा भुगा झालेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. दुसरे, दोन्ही हातांच्या बोटांनी वूफरचा कोन समान दाबाने हलकेच आत ढकलावा. खरखर ऐकू आली, तर कॉइल चुंबकाला घासते आहे असे समजावे. तिसरे, मल्टिमीटरने मागच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. ८ ओहमच्या स्पीकरला तो साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर वूफरची कॉइल जळाली किंवा तार तुटली असण्याची शक्यता आहे. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असल्याने तो या मापात कळत नाही. त्याला कान जवळ नेऊनच ऐकावे लागते.

चौथे, दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे आहेत का आणि आतले भाग मूळचे आहेत का ते पाहावे. एका खोक्यात भलताच वूफर बसवलेला असणे ही जुन्या बाजारातली नेहमीची गोष्ट आहे. पाचवे, आपल्या ओळखीची दोन-तीन गाणी मोबाइलवर घेऊन जावीत आणि एकेक स्पीकर वेगळा ऐकावा. दोघांचा आवाज सारखा हवा. बोस ९०१ सारख्या काही स्पीकरना स्वतंत्र इक्वलायझरचा डबा लागतो. तो सोबत नसेल तर सौदा अपुरा आहे.

ॲम्प्लिफायरही जुना घेणार असाल, तर तो किती व्होल्टचा आहे हे आधी पाहा. जपानमधला १०० व्होल्टचा किंवा अमेरिकेतला १२० व्होल्टचा सेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट जोडला, तर क्षणात जळू शकतो.

मोबाइलवरचे गाणे त्यावर कसे वाजेल?

यासाठी तीन गोष्टी लागतात : मोबाइल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. ब्लूटूथ असलेला छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आता सहज मिळतो. जुना ॲम्प्लिफायर असेल, तर त्याच्या ‘ऑक्स’ जोडणीला ब्लूटूथ रिसीव्हर लावला तरी काम होते. जोडताना दोन्ही स्पीकरचे लाल टोक लालला आणि काळे काळ्याला गेले पाहिजे. एका बाजूला उलट जोडणी झाली, तर खर्ज हरवतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता विखुरतो. ‘या स्पीकरला बेसच नाही’ अशी तक्रार अनेकदा याच चुकीतून येते.

कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर सुरक्षित असतो, हाही गैरसमज. छोटा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजावर ताणला, की संकेत विकृत होतो आणि त्यात सर्वात आधी ट्वीटर जळतो. आवाज फाटू लागला की लगेच कमी करणे, हा साधा नियम पाळावा.

लहान घराचे आणि शेजाऱ्यांचे काय?

स्पीकरइतकाच खोलीचाही आवाजावर परिणाम होतो. खर्जाच्या बाबतीत तर खोलीचेच राज्य चालते. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर घुमतो, भिंतीपासून पुढे ओढला की स्वच्छ होतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीला यावा, समोर सतरंजी किंवा जाड पडदा असावा. एवढ्यानेच पडणारा फरक महागड्या तारांनी पडत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत कपाटाएवढे स्पीकर आणण्यापेक्षा छोटी जोडी जवळ बसून ऐकणे बरे. एलएस३/५ए तर गाडीतल्या अशाच अपुऱ्या जागेसाठी जन्माला आला.

कायद्याचीही मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही आवाजाची पातळी ठरलेली आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. कानांसाठीही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. चांगला स्पीकर हळू आवाजातही बारकावे ऐकवतो. त्याची खरी परीक्षा तीच.

दुरुस्तीच्या हक्काबाबत कायदा कुठे आहे?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे. कोणती वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, हे गुणांत सांगणाऱ्या निर्देशांकाचा आराखडा सुचवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुट्या भागांची उपलब्धता, दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेटचा कालावधी हे मुद्दे त्यात आहेत. मात्र सुरुवातीचा भर मोबाइल आणि घरगुती उपकरणांवर आहे.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल आहेत, घरगुती स्पीकर नाहीत. तिथल्या बॅटरीविषयक नियमामुळे फेब्रुवारी २०२७ पासून हातात मावणाऱ्या उपकरणांची बॅटरी वापरकर्त्याला स्वतः बदलता यावी लागेल. ब्लूटूथ स्पीकरच्या ग्राहकांना याचा फायदा होईल. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या स्पीकरचे काय, हा प्रश्न मात्र अजून बराचसा कंपन्यांच्या मर्जीवर आहे. बोसने माहिती खुली केली, ती ग्राहकांच्या रोषानंतर.

मग ग्राहकाने काय करावे?

खरेदीचे साधे सूत्र असे : जो भाग दीर्घकाळ टिकतो त्यावर पैसे खर्च करावेत आणि जो लवकर जुना होतो तो स्वस्त व सुटा ठेवावा. स्पीकर साधा आणि चांगला असावा, ‘स्मार्ट’पणा बाहेरच्या छोट्या रिसीव्हरकडे असावा. उद्या ब्लूटूथ जाऊन दुसरे काही आले, तर रिसीव्हर बदलेल, स्पीकर राहील. स्मार्ट स्पीकर घ्यायचाच असेल, तर दोन प्रश्न विचारावेत. सॉफ्टवेअर किती वर्षे मिळणार हे कंपनीने लिहून दिले आहे का? आणि इंटरनेट बंद असताना तो तारेने वाजतो का?

सरकारकडून अपेक्षाही फार मोठी नाही. वस्तूच्या खोक्यावर सेवेची अखेरची तारीख छापणे आणि सेवा बंद करताना तांत्रिक माहिती खुली करणे बंधनकारक केले, तरी बरेचसे चांगले स्पीकर भंगारात जाण्यापासून वाचतील. औषधाच्या पाकिटावर मुदत छापावी लागते. हजारो रुपयांच्या उपकरणावर का नको?

यात काळाशी शर्यत कारागिरांचीही आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरात कोन बदलणारे, कॉइल भरणारे हात वयाने थकत चालले आहेत आणि काम मिळत नसेल तर पुढची पिढी हे कसब शिकणार नाही. सुटे भाग आणि कारागीर असतील, तोवरच जुने स्पीकर टिकणार आहेत. तेव्हा माळ्यावरची जोडी भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी एकदा जाळी काढून कडेची रिंग पाहावी. बिघाड तेवढाच असेल, तर ती जोडी आणखी २० वर्षे सहज वाजू शकते.